मैदान सुटू नये म्हणून

कबड्डीच्या संघातला चपळ चढाईपटू अचानक मंदावतो. दोन चढाया झाल्या की कंबरेवर हात ठेवून धापा टाकत उभा राहतो. तासाभराच्या सरावात चार वेळा पाण्याच्या टाकीकडे जातो आणि तितक्याच वेळा कुंपणाआड. रात्री पायांत गोळे येतात. महिन्यापूर्वी नीट बसणारी चड्डी आता नाडी आवळून घालावी लागते. पीटीच्या सरांना वाटते, सराव जरा जास्त होतोय. आईला वाटते, उन्हातान्हात हुंदडतो आणि धड जेवत नाही. दोघांचेही म्हणणे पटण्यासारखे असते आणि घोटाळा तिथेच होतो. टाइप 1 मधुमेहाची सुरुवातीची जवळजवळ सगळी लक्षणे खेळाडूच्या बाबतीत सरावाच्या खात्यावर जमा होतात.

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत असा घोटाळा व्हायला आणखी एक कारण आहे. ‘शुगर’ म्हणजे पन्नाशीच्या, पोट सुटलेल्या, बैठे काम करणाऱ्या माणसाचा आजार, ही समजूत पक्की आहे. माहुलीच्या पायथ्याशी किंवा माळशेजच्या वाटेवर टोकावड्याकडे वाढलेला, शाळेला चालत जाणारा काटक पोरगा त्या चित्रात बसतच नाही.

मात्र टाइप 1 चा पोट सुटण्याशी संबंध नाही, गोड खाण्याशी नाही आणि आईबापांच्या कुठल्या चुकीशीही नाही. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वादुपिंडातल्या बीटा पेशी परक्या समजून नष्ट करते. याच पेशी इन्सुलिन बनवतात. इन्सुलिन संपत आले की रक्तातली साखर स्नायूंत शिरू शकत नाही. मूत्रपिंडे ती लघवीवाटे बाहेर टाकतात, तिच्यासोबत पाणीही जाते. म्हणून तहान आणि म्हणूनच वारंवार लघवी. उपाशी राहिलेले शरीर मग चरबी आणि स्नायू जाळू लागते. चरबी जळताना तयार होणारे कीटोन साचले की रक्त आम्लधर्मी होते. उलट्या, पोटात कळा, खोल आणि जलद श्वास, तोंडाला कुजक्या फळासारखा वास ही त्या टप्प्याची लक्षणे. पोट बिघडले म्हणून घरीच काढा देण्यात किंवा भगताकडे नेण्यात गेलेले तास इथे जिवावर बेततात.

निदान मात्र बोटाच्या एका थेंबावर सुरू होते. ही लक्षणे असताना कोणत्याही वेळची साखर डेसिलिटरमागे 200 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त आली, तर मधुमेह आहे असे धरून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचे. ग्लुकोमीटर प्राथमिक आरोग्य केंद्रातही असतो. म्हणून पीटीच्या सरांसाठी या प्रकरणातला पहिला नियम साधा आहे. तहान, लघवी, वजन घटणे आणि दमणूक या चार गोष्टी एकत्र दिसल्या, तर सराव कमी करण्याआधी साखर तपासून घ्यायची.

या भागापुरती एक पुस्ती जोडायला हवी. सडपातळ तरुणाची साखर वाढली म्हणजे तो टाइप 1 च असेल असे नाही. बालपणी कुपोषण झालेल्यांमध्ये वेगळ्या तऱ्हेचा मधुमेह दिसतो, हे डॉक्टर 1955 पासून नोंदवत आले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 1985 मध्ये त्याला स्वतंत्र वर्ग दिला, 1999 मध्ये काढून घेतला. 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘टाइप 5’ म्हणून पुन्हा मान्यता दिली. ठाकूर, कातकरी, वारली आणि महादेव कोळी वस्त्यांच्या तालुक्यांत हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण या प्रकारात इन्सुलिन कमी लागू शकते किंवा गोळ्यांवरही भागू शकते. सी-पेप्टाइड आणि अँटिबॉडीच्या तपासण्यांतून डॉक्टर तो ओळखतात. तोवर सुरू झालेले इन्सुलिन कोणीही आपल्या मनाने थांबवायचे नाही.

पहिले काही महिने

इन्सुलिनचा शोध लागायच्या आधी टाइप 1 झालेल्या मुलांचे आयुष्य निदानानंतर महिन्यांत मोजले जाई. टोरांटोत 11 जानेवारी 1922 रोजी लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. 23 तारखेला शुद्ध केलेला अर्क दिल्यावर त्याची साखर उतरली. थॉम्पसन शाळेतल्या कबड्डीपटूच्याच वयाचा होता. आज हे औषध आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. अडचण आता औषधाच्या अस्तित्वाची राहिलेली नाही. अडते ते घर, शाळा आणि मैदान यांच्यात.

पहिली अडचण सुईची. आपल्याकडच्या बाटलीतले इन्सुलिन बहुधा 40 युनिटचे असते आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनच्या काडतुसातले इन्सुलिन 100 युनिटचे. त्या मापाची सिरिंज नारिंगी टोपणाची. 100 युनिटचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत भरले, तर अडीचपट डोस जातो. तालुक्याच्या औषध दुकानात एक माप संपले म्हणून दुसरे हातात पडले, तर ही चूक सहज होते. बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग जुळवून पाहणे घरातल्या निदान दोघांना यायला हवे.

दुसरी अडचण उष्म्याची. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचे असते. वापरात असलेली बाटली 25-30 अंशांपर्यंत साधारण चार आठवडे टिकते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात तापमान त्याच्या कितीतरी वर जाते आणि फ्रिज असला तरी वीज जाते. अशा वेळी मातीचे मडके कामी येते. पाण्याने भिजवलेल्या मोठ्या मडक्यात लहान मडके किंवा डबा, त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली बाटली, सगळे सावलीत आणि वारा लागेल असे. बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीच नाही. गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे लागते. सरावाला जाताना बाटली किंवा पेन उन्हात तापलेल्या दप्तरात किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवायचे नाही.

तिसरी अडचण आनंदाच्या रूपात येते. इन्सुलिन सुरू झाल्यावर उरल्यासुरल्या बीटा पेशींना विसावा मिळतो आणि काही आठवडे किंवा महिने डोस खूपच कमी लागतो. मुलगा पुन्हा पूर्वीसारखा धावतो. घरात ‘बरा झाला’ अशी बोलणी सुरू होतात; कोणी झाडपाल्याच्या औषधाचा पत्ता देतो आणि नेमके याच वेळी घेतल्यामुळे ते लागू पडल्यासारखे वाटते. हा काळ संपतोच. इन्सुलिन बंद केलेले मूल मग थेट कीटोनच्या संकटात सापडते. निदान झाले त्याच दिवशी हे घरच्यांना सांगून ठेवणे डॉक्टरांचे काम आहे, आणि नंतर आठवण करून देणे आशाताईंचे.

धावताना साखरेचे काय होते

निरोगी मुलगा धावू लागला की त्याचे स्वादुपिंड इन्सुलिन आपोआप कमी करते. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर ओढतो. इन्सुलिन कमी झाल्यामुळे यकृत साठ्यातली साखर सोडत राहते आणि हिशेब जमतो. इंजेक्शन घेणाऱ्या मुलाच्या शरीरात मात्र एकदा टोचलेले इन्सुलिन परत घेता येत नाही. स्नायू साखर ओढतात, टोचलेले इन्सुलिनही ओढते आणि यकृताचा हात बांधलेला राहतो. साखर झपाट्याने खाली येते.

सगळेच खेळ साखर उतरवत नाहीत, हे अनेक प्रशिक्षकांना नवे वाटेल. संथ लांब धावणे, डोंगर चढणे, सायकल चालवणे यांत ती उतरते. 100 मीटरची धाव किंवा कबड्डीतली 30 सेकंदांची चढाई यांत अॅड्रेनलिन उसळते, यकृत साखर सोडते आणि आकडा काही काळ वर जातो. सामन्याच्या ताणानेही तो वाढतो. सामना संपताच दिसलेली मोठी साखर पाहून घाईने जादा इन्सुलिन टोचले, तर तासा-दोन तासांनी ती धडकन कोसळते.

सरावाची वेळही तितकीच महत्त्वाची. साधे इन्सुलिन टोचल्यानंतर दोन ते चार तासांत सर्वांत जोरात काम करते. दुपारी एकला जेवणाआधी ते घेतले, तर त्याचा जोर तीन ते पाचच्या दरम्यान, म्हणजे शाळा सुटल्यावर मैदानात उतरायच्या वेळीच. सकाळी घेतलेले मध्यम मुदतीचे इन्सुलिनही दुपारीच भरात येते. तोच मुलगा तेवढेच अंतर पहाटे, नाश्त्याच्या इन्सुलिनआधी धावला तर साखर पडण्याचा धोका पुष्कळ कमी. मुरबाड-कल्याण रस्त्याच्या कडेने पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे उजाडताच धावतात. मधुमेही खेळाडूने त्यांच्यात सामील व्हायला हरकत नाही. संध्याकाळीच सराव असेल, तर दुपारच्या डोसमध्ये किती कपात करायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. खेळाच्या जोराप्रमाणे आणि वेळेप्रमाणे ती पाव भागापासून पाऊण भागापर्यंत असू शकते.

शक्य असेल तिथे दोन वेळच्या मिश्र इन्सुलिनऐवजी एक दीर्घ मुदतीचे आणि प्रत्येक जेवणाआधी एक अशी पद्धत खेळाडूला सोयीची पडते. सुया वाढतात, पण फक्त सरावाआधीचा डोस कमी करता येतो. सुई कुठे टोचायची हेही पाहायचे. धावण्याआधी मांडीत टोचलेले इन्सुलिन लवकर शोषले जाते. त्या वेळी पोट बरे.

खिशात साखर, हातात आकडा

मैदानात उतरण्याआधी साखर पाहायची. आकडा 90 च्या खाली असेल तर आधी 10 ते 20 ग्रॅम साखर पोटात, थोडे थांबून पुन्हा तपासणी, मगच खेळ. 126 ते 180 ही सुरुवातीला सर्वांत सोयीची पातळी. 270 च्या वर असेल तर लघवीची किंवा रक्ताची कीटोन तपासणी. कीटोन वाढलेले असतील तर त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरांना फोन. कीटोन नसतील आणि मुलाला बरे वाटत असेल, तर हलका व्यायाम चालतो. आधीच्या 24 तासांत साखर इतकी पडली असेल की दुसऱ्याची मदत लागली, तर त्या दिवशी विश्रांती.

दीर्घ सराव असेल तर अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा थेंब. ज्युनियर कबड्डीत 15 मिनिटांच्या दोन डावांमध्ये 5 मिनिटांची विश्रांती असते; तपासणीला आणि चार घोट साखरपाणी प्यायला ती पुरते. दंडावर लावायचा सेन्सर हे काम सतत करतो, पण दोन आठवड्यांच्या एका सेन्सरला काही हजार रुपये पडतात. तो परवडत नाही म्हणून खेळ सोडायची गरज नाही. पट्ट्या मोजक्याच असतील तर त्या सरावाआधी, सरावानंतर आणि झोपताना वापराव्यात.

साखर 70 च्या खाली गेली की उपचार लगेच, जागच्या जागी. तीन ते चार चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच. मग केळे, भाकरी, बिस्किटे असे काहीतरी टिकणारे. चॉकलेट आणि शेंगदाण्याची चिक्की पहिल्या झटक्यात उपयोगाची नाहीत, त्यांतल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते.

मैदानावर साखर पडल्याचे ओळखणे कठीण असते, कारण घाम, धडधड आणि थरथर ही लक्षणे खेळणाऱ्या प्रत्येकाला असतात. सवंगड्यांनी वेगळ्या खुणा पाहायच्या. नेहमीचा शांत मुलगा विनाकारण खेकसतो, पंचाची शिट्टी कळत नाही, भलत्याच बाजूला पळतो, विचारलेल्याचे भलतेच उत्तर देतो. अशा वेळी आकडा पाहायला यंत्र नसेल तर साखर आधी द्यायची. मुलगा बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल, तर तोंडात काहीही ओतायचे नाही. कुशीवर वळवायचे आणि 108 ला फोन करायचा.

सरावानंतरची रात्र

सर्वांत मोठा धोका मैदानावर नसतो. रिकामे झालेले स्नायू पुढचे कित्येक तास रक्तातली साखर ओढून साठा भरून काढतात. संध्याकाळच्या जोरदार सरावानंतर साखर मध्यरात्री किंवा पहाटे पडू शकते आणि झोपेत ते कळत नाही.

आश्रमशाळांच्या दृष्टीने ही गोष्ट कळीची आहे. शहापूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. त्याखालच्या शासकीय आणि अनुदानित आश्रमशाळांतली मुले वसतिगृहात राहतात आणि प्रकल्पस्तरीय, विभागीय क्रीडा स्पर्धा मोठ्या ईर्षेने खेळतात. घरी आई हात लावून पाहते. इथे ते काम अधीक्षक किंवा अधीक्षिकेचे आणि शेजारच्या खाटेवरच्या मित्राचे. सामन्याच्या दिवशी झोपताना साखर तपासायची, थोडे दूध किंवा बिस्किटे द्यायची, रात्री दोन-तीनच्या सुमारास एकदा उठवून थेंब पाहायचा आणि रात्रीच्या इन्सुलिनमध्ये डॉक्टरांनी सांगितलेली घट करायची. पहाटे अंथरूण घामाने चिंब, डोके जड आणि स्वप्ने वाईट अशी तक्रार असेल, तर रात्री साखर पडली असावी.

शेतीचे कामही याच हिशेबात धरायला हवे. आषाढात आवणीला दिवसभर चिखलात वाकून राबणे झाले की ते दोन सामन्यांपेक्षा कमी नसते. ‘आज सराव नव्हता’ म्हणून पूर्ण डोस टोचला आणि रात्री साखर कोसळली, असे होऊ शकते. आवणी, कापणी, लाकडे आणायला रानात जाणे, पाण्यासाठी दूरची खेप या सगळ्याला व्यायामच म्हणायचे. दिवाळीनंतर जी कुटुंबे वीटभट्टीवर स्थलांतर करतात, त्यांच्या मुलासाठी निघण्याआधीच औषधाचा पुरवठा आणि भट्टीजवळचा दवाखाना ठरवून ठेवावा लागतो. संघातले नाव टिकले आणि इन्सुलिन तुटले, असे होता कामा नये.

ताटातही मोठी उलथापालथ करायची गरज नसते. तांदळाची भाकरी, नाचणी, वरण-भात, भाजी, सुकट, अंडे हेच जेवण चालते. कळायला हवे ते प्रमाण. दीडशे ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे 40 ग्रॅम पिष्ट, मध्यम केळ्यात सुमारे 25. एकच वाटी मोजायला ठरवली की आईला महिन्याभरात अंदाज बसतो. शुगर झाली म्हणून भात बंद करून वाढत्या खेळाडूला उपाशी ठेवणे चूक आहे. त्याला इतरांइतकेच, सरावाच्या दिवशी थोडे जास्तच अन्न लागते.

लपवालपवी

अलेक्झांडर झ्वेरेव्हला चौथ्या वर्षी टाइप 1 चे निदान झाले. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने टेनिस एकेरीचे सुवर्णपदक मिळवले, पण आजाराविषयी तो जाहीरपणे बोलला 2022 मध्ये. पुढच्या वर्षी फ्रेंच ओपनमध्ये त्याला कोर्टवर इंजेक्शन घेऊ नका असे सांगितले गेले, तेव्हा त्याने उघड नाराजी व्यक्त केली. इतक्या मोठ्या खेळाडूला जर हे सोसावे लागते, तर सरळगाव किंवा डोळखांबच्या शाळेत स्वच्छतागृहात दार लावून सुई टोचणाऱ्या मुलीची अवस्था समजू शकते. तिच्या घरच्यांना पुढे लग्नाची चिंता असते. म्हणून संघालाही सांगायचे नाही असे ठरते. आणि ज्या दिवशी ती मैदानावर गोंधळते, त्या दिवशी साखर कुठे ठेवली आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

गावभर सांगायची गरज नाही. संघातले दोघे, पीटीचे सर, वर्गशिक्षक आणि सामन्याला नेणारी व्यक्ती एवढ्यांना माहीत असले तरी पुरते. शाळेने वर्गात सुई, यंत्र आणि खाऊ जवळ ठेवू द्यावा, लघवीला जायची परवानगी अडवू नये. सीबीएसईने 2017 पासून टाइप 1 च्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळे आणि पाणी नेण्याची मुभा दिली आहे. कोणत्याही शाळेला चाचणी परीक्षेत तेवढे करणे जड नाही.

पुढचा पल्ला

गॅरी हॉल या अमेरिकन जलतरणपटूला 1999 मध्ये निदान झाल्यावर कारकीर्द संपल्याचे सांगितले गेले होते. त्याने 2000 च्या सिडनीत आणि 2004 च्या अथेन्समध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण जिंकले. वसीम अक्रमला 1997 मध्ये मधुमेह झाला; त्यानंतर सहा वर्षांनी, 2003 च्या विश्वचषकात, तो एकदिवसीय सामन्यांत 500 बळी घेणारा पहिला गोलंदाज ठरला. ही उदाहरणे घरात जरूर सांगावीत. फक्त या दोघांच्या मागे डॉक्टर आणि प्रशिक्षकांची फळी होती, हेही सांगावे.

वर जाणाऱ्या खेळाडूला कागदांचेही भान हवे. इन्सुलिन जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत आहे. उपचारासाठी ते वापरायचे असेल तर राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडून उपचारार्थ वापराची सवलत घ्यावी लागते. निदानाचे आणि औषधाचे कागद पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये असले तर हे सोपे जाते. दुसरी गोष्ट कडू आहे. या दोन तालुक्यांतली कितीतरी मुले भरतीचे स्वप्न घेऊन धावतात, आणि लष्कराच्या वैद्यकीय निकषांत मधुमेह बसत नाही. हे मुलापासून लपवून दोन-तीन वर्षे धावू देण्यापेक्षा प्रत्येक भरतीचे निकष आधी वाचून दाखवावेत. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, क्रीडाशिक्षक आणि प्रशिक्षक होण्याची वाट आहे; त्यांची माहितीही त्याच बैठकीत द्यावी.

उपचाराचे ठिकाण ठरवताना अंतराचा विचार करावा. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात नेहमीची तपासणी आणि अडीअडचणीतली पहिली मदत. मुलांच्या मधुमेहाचे खास मार्गदर्शन घ्यायचे तर मुंबईतली मोठी रुग्णालये, उदाहरणार्थ परळचे वाडिया बाल रुग्णालय. शहापूरकरांना आसनगावहून थेट लोकल मिळते. मुरबाडला रेल्वे नाही, आधी रस्त्याने कल्याण गाठावे लागते. एका भेटीत एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून महिन्यातून एकदा धाव घेण्याऐवजी तीन महिन्यांच्या नोंदवहीसह एक नीट भेट बरी, आणि मधल्या काळात फोन. त्या वहीत रोज चार रकाने पुरतात: साखर, इन्सुलिन, जेवण आणि केलेले कष्ट. चौथा रकाना बहुतेक जण कोरा ठेवतात. खेळाडूच्या बाबतीत डॉक्टरांना आधी तोच हवा असतो, कारण डोस त्याच्यावरून ठरतो.

हे सगळे मुलाने स्वतः करायला शिकायचे आहे, पण पहिल्या वर्षी एकट्याने नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलावर सारा भार टाकला की तो आकडे मनाने लिहितो किंवा थेंब काढणेच टाळतो. पहिल्या हंगामात आकडा मोठ्यांनी पाहायचा आणि मुलाला विचारायचे, आता काय करशील? दुसऱ्या हंगामात आकडा त्याने पाहायचा, निर्णय सांगायचा आणि मोठ्यांनी फक्त होकार द्यायचा. शालेय स्पर्धांसाठी पुढच्या पावसाळ्यात संघ निवडला जाईल, तेव्हा सरांनी त्याची पकड आणि चढाई पाहावी, इतरांची पाहतात तशीच. निवड झाली नाही, तर त्याचे कारण खेळच असावे. साखरेचे कारण पुढे करून त्याला राखीव खेळाडूंच्या बाकावर बसवण्याचा हक्क तोपर्यंत कोणाकडे उरलेला नसावा.